आपोआप रीस्टार्ट होणारा पीसी फॉरमॅट करण्याआधी

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: ‘पीसी आपोआप रीस्टार्ट होतोय? विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारा. तरी थांबलं नाही तर रॅम खोडरबरानं पुसा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ दिसला की एसएमपीएस गेला समजा.’ (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा.) कृपया यातलं काहीही लगेच करू नका.

‘फॉरमॅट मारा’
मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीचा पीसी दोनदा फॉरमॅट होऊन माझ्याकडे आला. प्रबंधाची दोन प्रकरणं गेली होती आणि पीसी रीस्टार्ट व्हायचा तसाच होत होता. फॉरमॅटनं मिनिडंपच्या (विंडोज कोसळताना लिहिलेल्या) फाइली आणि जुन्या नोंदीही पुसल्या जातात, म्हणजे तपासायला हातात काही उरतच नाही.

आधी सिस्टीम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथं जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्याचा संदेश देणारा पडदा) आली की विंडोज स्वतःच रीस्टार्ट करतं, त्यामुळे ती डोळ्यांना दिसतही नाही. खूण काढल्यावर निळा (नव्या विंडोज ११मध्ये काळा) पडदा थांबून राहिला तर त्यावरचा कोड मिळतो. असा संदेश न येता पीसी एकदम बंद पडून सुरू झाला, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा मदरबोर्डावर घ्या. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवूनही तो रीस्टार्ट झाला तर विंडोज निर्दोष. बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर तासभर टिकला, यावरून मात्र काही ठरवू नका, कारण तिथं भारच नसतो.

‘रॅम पुसा’
पट्टीवर गंज किंवा धूळ असेल तर फरक पडतो, हे खरं. पण बरेचदा पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्यानंच काम होतं आणि श्रेय खोडरबराला जातं. बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायचं सेटिंग) बंद करा, रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दिसली तरी एकेक पट्टी वेगळी तपासा.

‘४१ म्हणजे एसएमपीएस’
इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही. त्यातली ४१ क्रमांकाची नोंद विंडोज पुढच्या वेळी सुरू होताना लिहितं. ‘मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो’ एवढाच तिचा अर्थ. प्लग उपटला तरी ४१ येतो. तपशिलात बगचेककोड बघा. तो शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन आली होती. शून्य असेल तर विंडोजला काही टिपायला वेळच मिळाला नाही. शेजारी व्हीया-लॉगरची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका टिपणारा विंडोजचा भाग) १८ क्रमांकाची नोंद असेल तर प्रोसेसर, ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं) आणि बोर्डाकडे बघा.

एसएमपीएस दोषी असतोही. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६च्या आत हवी. पण मल्टिमीटरवर १२.१ दिसलं म्हणून तो सुटत नाही, कारण काही मिलिसेकंदांची घसरण मीटर पकडत नाही. तेवढ्या वेळात करड्या वायरवरचा ‘पॉवर गुड’ (वीज ठीक असल्याचा) संकेत पडला तर बोर्ड लगेच रीसेट होतो. खात्रीचा उपाय एकच: चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून, ग्राफिक्स कार्डावर भार देऊन बघणं.

त्या मुलीच्या पीसीचा एसएमपीएसही ठणठणीत होता. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर पडायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा आणि जुनी बॅटरी तेवढाही भार पेलत नव्हती. पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावला, आठवडाभर एकदाही रीस्टार्ट झाला नाही. मग यूपीएसची बॅटरी तेवढी बदलली.