‘विशेषणं पाठ करा, ग्रॅमर विसरा’ हा सल्ला कुठे फसतो

इंग्रजीत माणसाचं वर्णन कसं करावं याबद्दल एक सल्ला सध्या खूप फिरतोय. ग्रॅमर लागतच नाही, भरपूर विशेषणं पाठ करा, समानार्थी शब्दांपैकी कुठलाही चालतो, ‘हाऊ इज शी?’ विचारलं की माणूस कळतो आणि वर्णनात ‘-इंग’ कधीच लावू नका. बोलायची भीती मोडावी हा हेतू चांगला आहे, पण सल्ला पाळला तर भलतंच बोललं जाईल.

‘हाऊ इज शी?’ म्हणजे तिची तब्येत कशी आहे, तिचं कसं चाललंय. स्वभाव विचारायचा तर ‘व्हॉट इज शी लाइक?’ आणि दिसणं विचारायचं तर ‘व्हॉट डज शी लुक लाइक?’ ‘इज’च्या जागी ‘डज’ घालून ‘व्हॉट डज शी लाइक?’ म्हटलंत, तर तिला काय आवडतं हे विचारलं जातं. यात विशेषण एकही नाही. सगळा फरक ग्रॅमरचाच.

समानार्थी शब्दांचं म्हणाल, तर ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ दोन्ही बारीकच. पण पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात बहुधा टोमणा. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसी रेडिओवर याची मजेशीर रूपं चालवून दाखवली होती: ‘आय ॲम फर्म, यू आर ऑब्स्टिनट, ही इज अ पिग-हेडेड फूल.’ गुण तोच; स्वतःचा असला की ठामपणा, समोरच्याचा हट्ट आणि पाठीमागे शुद्ध मूर्खपणा!

‘-इंग’बद्दलचा नियम मात्र अर्धा खरा आहे. ‘शी इज हॅविंग ब्राऊन आइज’ चूकच; तिथे ‘हॅज’ हवं. पण ‘ही इज पोलाइट’ हा स्वभाव झाला, तर ‘ही इज बीइंग पोलाइट’ म्हणजे आत्ता, या प्रसंगी तो नम्रपणे वागतोय. (एरवी कसा असतो, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यावं.) जे वागणं आपल्या हातात असतं, तिथेच हे रूप चालतं. म्हणून ‘ही इज बीइंग टॉल’ म्हणता येत नाही. उंची काही ठरवून धारण करता येत नाही.

आणि विशेषण अचूक निवडलं तरी एक ‘अ’ घात करू शकतो. ‘शी हॅज लाँग हेअर’ म्हणजे तिचे केस लांब आहेत. ‘अ लाँग हेअर’ म्हटलंत, तर बाईंकडे एकच केस उरतो.