‘कम्युनिस्ट गान्झेन’ने अँडरसनमधला देव काढला म्हणे!

‘रशियनांनी खरा अँडरसन कधी वाचलाच नाही. सोव्हिएत काळात त्याच्यावर बंदी होती. पुढे गान्झेन नावाच्या कम्युनिस्ट अनुवादकाने देव गाळून गोष्टी नव्याने लिहिल्या. बाकीचं डॅनिश साहित्य तिथे कुणाच्या गावीही नव्हतं.’ डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसनबद्दलचा हा मजकूर सगळीकडे फिरतोय. काल भाचीनेही पाठवला, वर प्रश्न: ‘हे तुला माहीत होतं?’ नव्हतं. कारण हे असं घडलेलंच नाही.

आधी गान्झेन. हा मूळचा कोपनहेगनचा पेटर एमान्युएल हान्सेन. परक्या ‘ह’चा रशियनमध्ये ‘ग’ होतो, म्हणून गान्झेन. १८७१ साली तार कंपनीच्या नोकरीसाठी रशियात आला आणि बरीच वर्षं सायबेरियात होता. बायको आन्ना रशियन. ती डॅनिश शिकली. दोघांनी थेट डॅनिशवरून केलेले अँडरसनचे चार खंड पीटर्सबर्गला १८९४-९५ मध्ये निघाले. बोल्शेविक, म्हणजे रशियातले कम्युनिस्ट, सत्तेवर आले त्यानंतर २२ वर्षांनी! आणि या खंडांत देव जागच्या जागी आहे.

कात्री लागली, हे मात्र मान्य करावं लागेल. ती नंतर लागली, सोव्हिएत बालआवृत्त्यांत, आणि वर नाव गान्झेनचंच राहिलं. अँडरसनच्या ‘हिमराणी’ या गोष्टीत हिमराणीच्या महालापाशी हिमकणांची फौज छोट्या नायिकेवर, गेर्डावर, चालून येते. ती प्रार्थना म्हणू लागते. कडाक्याच्या थंडीत तिच्या श्वासाची वाफ दाट होते, त्या वाफेतून भाले-ढाली घेतलेले देवदूत उभे राहतात आणि फौजेचा चुरा करतात. कापलेल्या पाठात फौज येते आणि गेर्डा धीटपणे पुढे चालू लागते. फौज गेली कुठे, पत्ता नाही! प्रार्थना काढली की प्रसंगाचा सांधाच निखळतो.

हातातली रशियन प्रत तपासायची तर अनुवादकाचं नाव बघून उपयोग नाही. ‘हिमराणी’तल्या तीन जागा बघा. आरसा बनवणारा दुष्ट ट्रोल (लोककथेतला राक्षस) हा प्रत्यक्ष सैतान आहे असं म्हटलंय का? मुलांच्या गुलाबांच्या गाण्यात बाळ येशू आहे का? शेवटी आजी बायबल वाचते का? तिन्ही नसेल तर प्रत कापलेली.

बंदीचं म्हणाल, तर १९२०च्या दशकात परीकथा मुलांना घातक असतात असा सूर तिथल्या शिक्षणवाल्यांनी लावला होता खरा. पण १९३९ मध्ये लेनिनग्राडला येवगेनी श्वार्त्झचं ‘हिमराणी’ नाटक लागलं, १९५७ मध्ये सोयुझमुल्तफिल्म या सोव्हिएत स्टुडिओने त्याच गोष्टीवर अ‍ॅनिमेशनपट काढला. बंदी घातलेल्या लेखकाचे असे लाड होतात?

उरलं बाकीचं डॅनिश साहित्य. १८४०च्या दशकातच अँडरसनची ‘इम्प्रोव्हिझातोर’ ही कादंबरी रशियनमध्ये आली. रशियन समीक्षक बेलिन्स्कीला ती आवडली नाही, पण त्याने दखल घेतली. जुने बरेच अनुवाद जर्मन-फ्रेंचवरून झालेले होते, नावं ठेवायला ती जागा बरी होती. डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेसने १८८७ मध्ये रशियात जाऊन व्याख्यानं दिली. आणि डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगोरचे उतारे १८८५ साली ‘सेवेर्नी वेस्तनिक’ मासिकात रशियनमध्ये आणले कुणी? याच तारवाल्या गान्झेनने.