‘३९ दिवसांत मंगळ’: फ्रँकलिन चांग-डियास यांच्या नावाने फिरणारा दावा

समाजमाध्यमांवर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: कोस्टा रिकातून जेमतेम पैसे घेऊन अमेरिकेत आलेला एक मुलगा प्लाझ्मा भौतिकशास्त्रज्ञ झाला, नासाचा अंतराळवीर झाला आणि त्याने माणसाला ३९ दिवसांत मंगळावर नेणारे इंजिन शोधून काढले. हे इंजिन आज तयार आहे, त्याच्यापुढे सध्याची रॉकेटे निरुपयोगी ठरतात, पण नासाने ते दडपले आणि म्हणून या शास्त्रज्ञाने वैतागून नोकरी सोडली. मजकुराचा पूर्वार्ध खरा आहे आणि त्या खरेपणाच्या आधारावरच वाचक उत्तरार्धही मान्य करून टाकतो. चाळीसहून अधिक वर्षे एकाच प्रश्नाला वाहिलेल्या एका संशोधकाच्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच या उत्तरार्धातील एकेक विधान तपासून पाहावे असे वाटते.

आधी जे खरे आहे ते सांगतो. फ्रँकलिन चांग-डियास यांचा जन्म ५ एप्रिल १९५० रोजी कोस्टा रिकातील सान होसे येथे झाला. १९६८ साली ते अमेरिकेत आले, पुढल्याच वर्षी हार्टफर्ड येथील शाळेतून उत्तीर्ण झाले, १९७३ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी आणि १९७७ मध्ये एमआयटीतून उपयोजित प्लाझ्मा भौतिकीतील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. १९८० साली नासाने त्यांची निवड केली. जानेवारी १९८६ मध्ये ‘कोलंबिया’ यानातून त्यांनी पहिले उड्डाण केले. ते यान परतल्यावर दहाच दिवसांनी ‘चॅलेंजर’चा अपघात झाला. जून २००२ पर्यंत त्यांची एकूण सात उड्डाणे झाली. सात उड्डाणांचा हा विक्रम त्यांच्याखेरीज जेरी रॉस यांच्या नावावर आहे. शेवटच्या उड्डाणात त्यांनी तीन वेळा यानाबाहेर पडून अवकाश स्थानकाच्या यांत्रिक हाताचा बिघडलेला सांधा बदलण्यासह बरेच काम केले. अंतराळवीर म्हणून एवढी कामगिरी कोणालाही पुरेशी ठरली असती, पण त्यांनी या साऱ्या काळात प्रयोगशाळा सोडली नाही, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

आता ‘इंजिन तयार आहे’ हे पहिले विधान. ते समजण्यासाठी या इंजिनाची मूळ कल्पना पाहायला हवी. चांग-डियास यांचे शिक्षण अणुसंमीलनाच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जुळवून ऊर्जा मिळवण्याच्या, संशोधनात झाले. लाखो अंश तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, कोणत्याही धातूच्या भांड्यात ठेवता येत नाही, म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रात कोंडतात. दोन टोकांना चुंबकीय ‘आरसे’ असलेल्या जुन्या संमीलन यंत्रांत हा प्लाझ्मा टोकांतून सतत गळत असे आणि संमीलनाच्या दृष्टीने ती मोठी अडचण होती. यानाला पुढे ढकलायचे असेल तर मात्र हीच गळती उपयोगाची: एका टोकातून प्लाझ्मा जाणूनबुजून, नियंत्रित पद्धतीने सोडला की त्याच्या उलट दिशेने रेटा मिळतो. ‘व्हॅसिमीर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या इंजिनात आरगॉनसारखा वायू पहिल्या टप्प्यात रेडिओ लहरींनी आयनीभूत केला जातो, म्हणजे त्याचा प्लाझ्मा केला जातो, दुसऱ्या टप्प्यात आयनांच्या चुंबकीय क्षेत्रातील फिरण्याच्या वारंवारतेशी जुळणाऱ्या लहरींनी तो तापवला जातो आणि तिसऱ्या टप्प्यात रुंदावत जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या नळकांड्यातून बाहेर फेकला जातो. तप्त प्लाझ्मात बुडालेला इलेक्ट्रोड कुठेच नसल्यामुळे झीज कमी होते. शिवाय पहिल्या दोन टप्प्यांतील विजेची वाटणी बदलून, मोटारीचे गिअर बदलावेत तसा, कधी जास्त रेटा तर कधी जास्त वेग निवडता येतो. माझ्या मते या इंजिनाचे खरे वैशिष्ट्य हे बदलते ‘गिअर’ आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात त्याचा साधा उल्लेखही नसतो.

या इंजिनाची प्रत्यक्ष चाचणी झाली आहे, हेही तितकेच खरे. २००९ साली ‘व्हीएक्स-२००’ हे प्रयोगशाळेतील प्रारूप २०० किलोवॉट क्षमतेने चालले. आरगॉन वापरून सुमारे ५० किलोमीटर प्रति सेकंद एवढा उत्सर्जन वेग, सुमारे ५.७ न्यूटन रेटा आणि सुमारे ७२ टक्के कार्यक्षमता त्यातून मिळाली. पण ते प्रारूप निर्वात टाकीत, जमिनीवरच्या विजेवर आणि मिनिटभरापेक्षा कमी वेळाच्या स्फुरणांत चालत होते. दीर्घकाळ चालवण्यासाठी उष्णता वाहून नेणारी वेगळी रचना लागली. तिच्या आधारे जुलै २०२१ मध्ये ‘व्हीएक्स-२००एसएस’ हे प्रारूप ८० किलोवॉटवर सलग ८८ तास चालले. उच्च क्षमतेच्या विद्युत इंजिनासाठी हा विक्रमच होता. तरीही ३९ दिवस म्हणजे ९३६ तास होतात. ८८ तास हा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी काळ आहे. शिवाय हे इंजिन अवकाशात एकदाही चालवले गेलेले नाही. अशा यंत्राला ‘तयार’ म्हणणे हा त्यावर राबणाऱ्या अभियंत्यांवरही अन्याय आहे, कारण अजून जे कष्ट उरले आहेत तेच त्या शब्दाने पुसले जातात.

दुसरे आणि मुख्य विधान ३९ दिवसांचे आहे. हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. तो चांग-डियास यांच्या ‘ॲड ॲस्ट्रा’ या कंपनीच्याच गणितातून आला आहे. भारताचे मंगळयान १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीची कक्षा सोडून २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, म्हणजे त्याला जवळपास ३०० दिवस लागले. नासाच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ यानाला जुलै २०२० ते फेब्रुवारी २०२१ असे सुमारे २०० दिवस लागले. त्यापुढे ३९ हा आकडा साहजिकच डोळे दिपवतो. पण त्या गणितात एक अट होती आणि मजकूर पुढे पाठवताना नेमकी तीच गळून पडली: यानावर २०० मेगावॉट वीज हवी. हे चांग-डियास यांनी कधी लपवलेले नाही. अवकाशातील अणुऊर्जेवाचून हा प्रवास शक्य नाही, असे ते सातत्याने सांगत आले आहेत.

२०० मेगावॉट म्हणजे किती? २०२१ च्या चाचणीतील ८० किलोवॉटच्या अडीच हजार पट. अवकाश स्थानकाचे सौरपंखे साधारण १०० किलोवॉटच्या आसपास वीज देतात. त्यांच्या सुमारे दोन हजार पट. आपल्याला जवळची तुलना हवी असेल तर तारापूरच्या पहिल्या दोन अणुसंयंत्रांची क्षमता प्रत्येकी १६० मेगावॉट आहे. म्हणजे तारापूरच्या एका संयंत्राहून मोठे वीजकेंद्र यानावर लादून न्यायचे आहे, आणि तेही शेजारी अरबी समुद्र नसताना. हा समुद्राचा मुद्दा वरवर दिसतो त्यापेक्षा फार गंभीर आहे. अणुभट्टीतील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा विजेत बदलला असे धरले, तर २०० मेगावॉट विजेमागे सुमारे ४०० मेगावॉट उष्णता टाकून द्यावी लागते. पृथ्वीवर ती पाणी वाहून नेते. अवकाशात ती केवळ प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपानेच, बाहेर जाऊ शकते. ७०० अंश सेल्सिअसला तापलेल्या आदर्श पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५० किलोवॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे निदान ८,००० चौरस मीटर तापता पृष्ठभाग, फुटबॉलच्या मैदानापेक्षा मोठा, यानावर पसरावा लागेल आणि त्यातून तप्त द्रव फिरवत ठेवावा लागेल.

वजनाचा हिशेबही असाच अवघड आहे. दर किलोवॉटला १० किलो धरले, तरी हे वीजकेंद्र २,००० टनांचे होते. संपूर्ण अवकाश स्थानकाचे वजन सुमारे ४२० टन आहे. आणि हे १० किलो धरणेही फार उदार आहे. अमेरिकेने आजवर एकच अणुभट्टी कक्षेत चालवली, ती एप्रिल १९६५ मधली ‘स्नॅप-१०ए’. तिने सुमारे ५०० वॉट वीज दिली आणि ४३ दिवसांनी, भट्टीच्या नव्हे तर उपग्रहाच्या विद्युत भागातील बिघाडाने, ती बंद पडली. सोव्हिएत संघाची १९८७ मधील ‘टोपाझ’ भट्टी सुमारे पाच किलोवॉटची होती आणि तिचे वजन साधारण टनभर, म्हणजे दर किलोवॉटला दोनशे किलो होते. २०१८ साली नेवाडात तपासलेली ‘क्रस्टी’ ही छोटी भट्टी एक किलोवॉटच्या वर्गातली होती. वीजकेंद्र जड झाले की यान जड होते, यान जड झाले की त्वरण घटते आणि त्वरण घटले की ३९ दिवसांचे कित्येक महिने होतात. इंजिन कितीही उत्तम असले तरी या साखळीतून सुटका नाही. इंजिन आणि त्याला वीज पुरवणारे केंद्र हे दोन वेगळे शोध आहेत. चांग-डियास यांनी त्यांतला पहिला लावला आहे.

‘रॉकेटे निरुपयोगी ठरतील’ या तिसऱ्या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. ५.७ न्यूटन म्हणजे पृथ्वीवर सुमारे ५८० ग्रॅमचे वजन उचलण्याइतके बल. हे इंजिन स्वतःलाही जमिनीवरून उचलू शकणार नाही. त्याचा उपयोग अवकाशात पोहोचल्यावर, दिवसेंदिवस मंद पण अखंड रेटा देण्यासाठी आहे, आणि तिथवर त्याला रासायनिक इंधनाचे रॉकेटच नेणार आहे.

चौथे विधान दडपण्याचे, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. दडपायचे असते तर घटनाक्रम निराळा दिसला असता. १९८३ ते १९९३ या काळात चांग-डियास अंतराळवीर असतानाच एमआयटीच्या प्लाझ्मा संमीलन केंद्रात पाहुणे शास्त्रज्ञ म्हणून प्लाझ्मा प्रणोदनाचे, म्हणजे प्लाझ्माने यान पुढे ढकलण्याच्या तंत्राचे, काम चालवत होते. १९९३ पासून २००५ पर्यंत ते ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रातील प्रगत प्रणोदन प्रयोगशाळेचे संचालक होते. म्हणजे प्रयोगशाळा नासाचीच होती. या इंजिनाचे अमेरिकी पेटंट जानेवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पेटंट ही गोष्टच मुळी शोध जगापुढे उघडा करण्याच्या अटीवर मिळते. २००५ साली, निवडीनंतर पाव शतकाने, ते नासातून निवृत्त झाले आणि ‘ॲड ॲस्ट्रा’च्या कामाला लागले. वैतागून सोडलेल्या माणसाशी नासाने पुढे करार केले नसते. प्रत्यक्षात २००८ मध्ये अवकाश स्थानकावर हे इंजिन तपासण्याविषयी करार झाला, आणि २०१५ मध्ये नासाने तीन वर्षांच्या कामासाठी सुमारे एक कोटी डॉलरचा करार केला, ज्यात १०० किलोवॉटवर १०० तास हे उद्दिष्ट होते. वर उल्लेखिलेली ८८ तासांची चाचणी याच उद्दिष्टाच्या वाटेवरची आहे.

स्थानकावरचा प्रयोग झाला नाही, याकडे दडपशाहीचा पुरावा म्हणून बोट दाखवले जाते. पण त्या योजनेतच वीज किती अपुरी होती ते दिसते: स्थानकाला एका वेळी २०० किलोवॉट देणे शक्य नव्हते, म्हणून बॅटऱ्या हळूहळू भरून इंजिन सुमारे १५ मिनिटे चालवायचे ठरले होते. त्याच काळात नासाने इतर प्लाझ्मा आणि आयन इंजिनांना हात आखडता घेतलेला नाही. ‘डीप स्पेस १’ १९९८ मध्ये आणि ‘डॉन’ २००७ मध्ये आयन इंजिनांवर गेली, तर २०२३ मध्ये निघालेले ‘सायकी’ यान हॉल प्रकारच्या, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या साहाय्याने आयन फेकणाऱ्या, इंजिनांवर चालते. मिशिगन विद्यापीठातील ‘एक्स३’ या हॉल इंजिनाने २०१७ मध्ये सुमारे १०० किलोवॉटवर ५.४ न्यूटन रेटा दिला. व्हॅसिमीरपुढे आहे ती ही खुली आणि तगडी स्पर्धा.

या दाव्याची उलट बाजूही तितकीच चुकीची आहे. मंगळमोहिमांचे कट्टर समर्थक रॉबर्ट झुब्रिन यांनी २०११ साली या इंजिनाला थोतांड म्हटले. वीजकेंद्राच्या वजनाविषयीचा त्यांचा आक्षेप मला पूर्ण पटतो, त्यांचा शब्द अजिबात पटत नाही. ज्याचे मोजमाप प्रसिद्ध झाले आहे आणि ज्याने टाकीत ८८ तास अखंड प्लाझ्मा फेकला, ते यंत्र थोतांड नव्हे. अणुभट्टीची वाट न पाहता सौरविजेवर, शंभर-दोनशे किलोवॉटच्या पातळीवर, पृथ्वी आणि चंद्र यांच्यादरम्यान सामान वाहून नेण्यासाठी या इंजिनाचा उपयोग ‘ॲड ॲस्ट्रा’ने स्वतःच सुचवला आहे. तिथे अडीच हजार पटींची दरी नाही. तिथे उरले आहेत ते शंभर तासांतले शेवटचे बारा तास, ८० वरून १०० वर न्यायचे वीस किलोवॉट आणि त्यानंतरचे अवकाशातील पहिले प्रज्वलन.