‘डोनेशन घ्या, लायसन्स लागत नाही’ : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

दिवाळीचा कार्यक्रम आटोपून मंडळाच्या कार्यकारिणीत थर्टी फर्स्टची चर्चा सुरू झाली की इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास येतो. त्याचा आशय असा : मंडळाचा कार्यक्रम सभासदांपुरता, म्हणजे खाजगी असतो, तेव्हा तिथे बार लावायला कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, लायसन्स लागत नाही; पैसे ‘डोनेशन’ म्हणून घेतले किंवा तिकिटातच दोन ड्रिंक धरली की ती विक्री होत नाही; लायसन्स काढायला गेलात तर परीक्षा, शेकडो पौंड आणि तीन महिने लागतात, आणि एखाद्या शेजाऱ्याने तक्रार केली की तेही हातचे जाते; काढायचेच ठरले तर आठवडाभर आधी अर्ज टाकला तरी चालतो, आणि लागून दोन दिवस बार हवा असेल तर दुसरा अर्ज बायकोच्या नावाने टाकावा. शेवटी, रॅफलमध्ये, म्हणजे तिकिटांच्या सोडतीत, वाइनची बाटली ठेवू नका, तो गुन्हा आहे, अशी तंबीही असते.

या संदेशाची गंमत अशी की कायदा जिथे कडक आहे तिथे तो सैल करून सांगितला आहे, आणि जिथे तो सोपा आहे तिथे उगाच धाक घातला आहे. मंडळाच्या बारसाठी कौन्सिलकडे द्यायचा फॉर्म मी स्वतः काही वेळा भरलेला असल्यामुळे एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. पुढे जे लिहिले आहे ते इंग्लंड आणि वेल्सपुरते, म्हणजे २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टपुरते आहे. स्कॉटलंडचा कायदा २००५ चा आणि वेगळा आहे. तिथे लायसन्सिंग बोर्डाकडून ‘ऑकेजनल लायसन्स’ घ्यावे लागते. उत्तर आयर्लंडचे नियमही निराळे आहेत.

कार्यक्रम खाजगी आहे म्हणून लायसन्स नको, हा पहिला दावा. कायदा हा प्रश्न विचारतच नाही. दारूची किरकोळ विक्री होते आहे का, एवढेच तो पाहतो. ती चार भिंतींच्या आत झाली, ओळखीच्याच माणसांना झाली किंवा नफा न घेता झाली, म्हणून ती विक्री असण्याचे थांबत नाही. ‘आम्ही क्लब आहोत’ हे उत्तरही पुरत नाही, कारण क्लबने आपल्या सभासदांना दारू पुरवणे हे त्याच कायद्यात परवानगी लागणारे स्वतंत्र काम म्हणून नोंदलेले आहे. क्लबांना त्या कामासाठी वेगळे सर्टिफिकेट घेता येते, पण त्यासाठी क्लबला किमान २५ सभासद असावे लागतात, आणि अर्ज केल्यापासून किमान दोन दिवस गेल्याशिवाय कोणालाही सभासदाचे हक्क देता येत नाहीत. ‘दारातच पाच पौंडांत सभासद व्हा आणि आत या’ ही आपल्या मंडळांची लाडकी पद्धत त्यात मुळीच बसत नाही.

हा गैरसमज येतो कुठून, याचा मला एक अंदाज आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या डोक्यात १९४९ चा दारूबंदी कायदा कळत-नकळत बसलेला असतो. तिथे परवाना विकणाऱ्याला तर लागतोच, पण कागदोपत्री पिणाऱ्यालाही लागतो; वाइन शॉपच्या काउंटरवर फाडून मिळणारी पाच रुपयांची एक दिवसाची परमिटे अनेकांनी पाहिलेली असतील. आणि हे सारे राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या हातात असते, नगरपालिकेच्या नव्हे. इंग्लंडमध्ये अठरा वर्षे पूर्ण केलेल्या पिणाऱ्याला कोणी कागद विचारत नाही, म्हणून आपण समजतो की सगळे सज्ञान, सगळे सभासद, मग कोणाला विचारायचे कारण काय. विचारायचे कारण टेबलाच्या पलीकडे, पैशांचा डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूला आहे.

दुसरा दावा डोनेशनचा. याच्यावर थोडे थांबावे लागेल, कारण यात अर्धे सत्य मिसळलेले आहे. दारू खरोखर फुकट दिली तर ती विक्री नाही, आणि फुकट द्यायला कौन्सिलची कोणतीही परवानगी लागत नाही. लोकांनी आपापली बाटली घरून आणली आणि आपापल्या टेबलावर प्यायली, तरीही मंडळाने काही विकलेले नसते. हॉलच्या भाडेकराराची त्याला हरकत नाही ना, एवढे पाहावे. पण खरोखर फुकट म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. शाळेच्या हॉलमध्ये स्वयंपाकघराची खिडकी उघडून तिथे लागरचे कॅन आणि प्लॅस्टिकचे वाइनचे ग्लास मांडले आहेत, शेजारी बिस्किटांचा रिकामा डबा आहे, त्यावर मार्करने ‘स्वेच्छा देणगी, किमान ३ पौंड’ असे लिहिले आहे, आणि तिथे उभा असलेला स्वयंसेवक डब्यात नाणे पडल्यावरच ग्लास पुढे सरकवतो आहे. ‘किमान’ आणि ‘स्वेच्छा’ हे दोन शब्द एका ओळीत आले तेव्हाच डोनेशनचे सोंग संपले. डब्यात काहीही न टाकणाऱ्यालाही तोच ग्लास, तितक्याच हसतमुखाने मिळणार असेल तरच तो फुकट म्हणता येईल.

तिकिटाचेही तसेच. पंचवीस पौंडांच्या तिकिटात जेवण आणि दोन ड्रिंक धरली, तर त्या ड्रिंकचे पैसे तिकिटातून घेतलेले असतात. दारात वाटलेली कुपने, मनगटावरचे रंगीत पट्टे, ‘वेलकम ड्रिंक’ हे गोंडस नाव, यांपैकी कशानेही त्यात फरक पडत नाही. आणि हा निव्वळ शब्दच्छल समजू नये. परवानगीविना विक्री केली, किंवा जाणूनबुजून होऊ दिली, तर कायद्याच्या कलम १३६ खाली अमर्याद दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘होऊ दिली’ या शब्दांत हॉलचे विश्वस्तही येऊ शकतात, म्हणून पुष्कळ हॉलवाले बुकिंगच्या वेळीच कागद दाखवा म्हणतात. त्यांना खडूस ठरवण्याआधी त्यांची बाजू लक्षात घ्यावी.

हॉललाच लायसन्स असेल तर आपल्याला वेगळे कशाला, असे काही जण या संदेशाखाली विचारतात. हा प्रश्न मात्र रास्त आहे. हॉलच्या कायम लायसन्समध्ये दारूची विक्री समाविष्ट असेल, आपली वेळ त्यातल्या वेळेत बसत असेल आणि त्यातल्या अटींप्रमाणे विक्री होणार असेल, तर वेगळे काही करावे लागत नाही. हॉलचाच बार आणि हॉलचीच माणसे असतील तर प्रश्न मिटलाच. पण ते लायसन्स वाचल्याशिवाय गृहीत धरू नये. थर्टी फर्स्टला हवा असलेला साडेबारापर्यंतचा वेळ त्यात बहुधा नसतो.

आता धाकाचा भाग. परीक्षा, शेकडो पौंड आणि तीन महिने ही वर्णने पर्सनल लायसन्स (दारू विकणाऱ्या व्यक्तीचे) आणि प्रिमिसेस लायसन्स (जागेचे कायमचे) यांची भेसळ करून तयार झालेली आहेत. एका कार्यक्रमापुरता बार लावायला यांपैकी काहीच लागत नाही. लागते ती टेम्पररी इव्हेंट नोटीस. कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागात सगळे तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून (TEN) नुसते ‘टेन’ म्हणतात. नावातच ‘नोटीस’ आहे याकडे लक्ष द्यावे : आपण परवानगीची याचना करत नसतो, अमुक दिवशी, अमुक जागी, अमुक वेळेत आपण विक्री करणार आहोत असे कौन्सिलला कळवत असतो. शुल्क २१ पौंड. देणारी व्यक्ती अठरा वर्षांवरील कोणीही चालते. परीक्षा नाही, प्रशिक्षण नाही. नोटीस मंडळाच्या नावाने देता येत नाही, एका माणसाच्या नावाने द्यावी लागते आणि जबाबदारीही त्याचीच राहते, त्यामुळे बैठकीत ‘कोणीतरी भरून टाका’ असे म्हणून उठू नये. साध्या माणसाला वर्षाला अशा पाच नोटिसा देता येतात, पर्सनल लायसन्स असलेल्याला ५०. एका जागेसाठी वर्षाला १५ नोटिसा आणि एकूण २१ दिवस अशी मर्यादा आहे. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांपुरती ती २० आणि २६ अशी वाढवलेली होती, म्हणून जुन्या संदेशांत ते आकडे अजून सापडतात.

शेजाऱ्याच्या तक्रारीचे तर उत्तर एका वाक्यात देता येते : टेनवर हरकत घेण्याचा अधिकार फक्त पोलिसांना आणि कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाला आहे. ऑनलाइन अर्ज केला तर त्यांच्याकडे प्रती कौन्सिलच पाठवते; कागदावर केला तर त्या आपण पाठवायच्या. हरकत घ्यायला त्यांना तीन कामाचे दिवस असतात, आणि ती गुन्हे व गोंधळ, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव आणि मुलांचे संरक्षण या चार कारणांच्या चौकटीतच घ्यावी लागते.

एक खरी मर्यादा मात्र संदेशात कुठेच नाही, आणि मोठ्या मंडळांना तीच नडते. एका वेळी हजर असलेली माणसे ४९९ पेक्षा जास्त असता कामा नयेत, आणि या ४९९ मध्ये स्वयंसेवक, वाढपी, ढोल-ताशा पथक आणि रंगमंचामागे नटून बसलेली मुले, सगळे धरले जातात. ४९० तिकिटे विकून मोकळे झालेल्या कार्यकारिणीने आपली माणसे मोजून पाहावीत.

आठवडाभर आधी अर्ज टाकला तरी चालतो, हा दावा सर्वांत महाग पडतो. साध्या नोटिशीसाठी दहा पूर्ण कामाचे दिवस लागतात. त्यांत नोटीस पोचली तो दिवस धरत नाहीत, कार्यक्रमाचा पहिला दिवस धरत नाहीत, आणि शनिवार, रविवार व बँक हॉलिडेही धरत नाहीत. ३१ डिसेंबर २०२५ चे उदाहरण घ्या. तो बुधवार आहे. तिथून मागे मोजत गेलो तर ३० आणि २९ हे दोन दिवस, मग शनिवार-रविवार सोडून आणि बॉक्सिंग डे व ख्रिसमसही सोडून २४, २३, २२, पुन्हा शनिवार-रविवार टाळून १९, १८, १७, १६ आणि १५, असे दहा भरतात. म्हणजे नोटीस शुक्रवार, १२ डिसेंबरपर्यंत कौन्सिलकडे पोचलेली हवी. कॅलेंडरवर हे १९ दिवस होतात. ‘दहा दिवस आधी’ एवढेच ऐकून २१ तारखेला, रविवारी, निवांत लॅपटॉप उघडणाऱ्याचा बार तेव्हाच बंद झालेला असतो.

पाच ते नऊ पूर्ण कामाचे दिवस आधी देता येणारी ‘लेट टेन’ आहे हे खरे. वरच्या उदाहरणात तिची शेवटची तारीख १९ डिसेंबर. पण तिच्यावर विसंबू नये याचे कारण असे की साध्या नोटिशीवर हरकत आली तर समितीपुढे सुनावणी होते, आपल्याला बाजू मांडता येते, पोलिसांशी बोलून वेळ थोडी अलीकडे आणून तडजोडही करता येते. लेट टेनवर हरकत आली की कौन्सिल प्रतिनोटीस काढते आणि विषय तिथेच संपतो. सुनावणी नाही, अपील नाही. शिवाय साध्या माणसाला वर्षाला अशा दोनच देता येतात, आणि त्या पाचांमध्येच मोजल्या जातात.

थर्टी फर्स्टबाबत आणखी दोन बारकावे आहेत. कार्यक्रम मध्यरात्र ओलांडतो, म्हणजे तो दोन दिवसांचा धरला जातो, आणि वर्षही ओलांडतो, म्हणून दोन्ही वर्षांच्या मर्यादेत मोजला जातो. दुसरे, फॉर्मवर फक्त दारूच्या चौकोनात खूण करून थांबू नये. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात गरम खाद्यपदार्थ किंवा गरम पेय विकायलाही हीच परवानगी लागते, त्यामुळे साडेअकराच्या गरम वड्याला आणि मसाला चहाला त्याच नोटिशीत जागा करून द्यावी. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात ११ नंतर डीजे चालू राहणार असेल तर तेही लिहावे. शुल्क वाढत नाही.

बायकोच्या नावाने दुसरा अर्ज टाकण्याची युक्ती सुचवणाऱ्याने कायदा वाचलेला दिसत नाही, कारण कायद्याने ती आधीच ओळखलेली आहे. एकाच जागी, एकाच व्यक्तीच्या दोन नोटिसांमध्ये २४ तासांचे अंतर लागते, आणि या हिशेबात नवरा-बायको, आई-वडील, मुले, भावंडे, एवढेच नव्हे तर त्या व्यक्तीचे एजंट आणि नोकरही तीच व्यक्ती समजले जातात. पण मुळात युक्तीची गरजच नाही. एक नोटीस सलग १६८ तासांपर्यंत, म्हणजे सात दिवस चालते. शुक्रवार-शनिवारचा कार्यक्रम असेल तर दोन्ही दिवसांच्या वेळा एकाच फॉर्मवर लिहाव्यात. २१ पौंडांतच काम होते.

नोटीस मिळाल्यावर ती कुठे ठेवायची, हे संदेशात नाही, कारण त्याच्या मते ती लागतच नाही. ती कार्यक्रमाच्या जागी लावलेली किंवा जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी लागते. आमच्या एका कार्यक्रमात गस्तीवरच्या पोलिसाने आत येऊन तीच मागितली; समोशांच्या दरपत्रकाशेजारी भिंतीला चिकटवलेला कागद त्याने वाचला, बंद करायची वेळ विचारली आणि तो गेला. त्याआधी बारवरच्या दोन चेहऱ्यांकडे मात्र त्याने निरखून पाहिले होते. अठरा वर्षांखालच्याला विकणे हा टेन असतानाही गुन्हाच आहे, आणि कार्यकारिणीच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांना हौसेने बारवर उभे करणेही तितकेच टाळावे.

राहिली रॅफलची बाटली. इथे संदेशाने विनाकारण घाबरवले आहे. कार्यक्रमाचाच एक भाग म्हणून, खाजगी नफ्यासाठी नसलेली रॅफल किंवा टोंबोला असेल, बक्षिसांत रोख रक्कम नसेल आणि बाटली सीलबंद असेल, तर कायद्याच्या कलम १७५ प्रमाणे ते बक्षीस दारूची विक्री समजले जात नाही आणि त्याला टेनही लागत नाही. सील मात्र बक्षीस देईपर्यंत शाबूत हवे. विजेत्याने ती तिथेच उघडून टेबलावरच्या मंडळींना फुकट पाजली, तर हॉलचा भाडेकरार काय म्हणतो तेवढे पाहावे.