आमचा माल मुंबईला धड पोचू दे, मग बोला

आज तालुक्याला छोट्या उद्योजकांच्या मेळाव्याला जाऊन आले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

मुंबईहून एक पाहुणे आले होते. तासभर पडद्यावर नकाशे. महाराष्ट्रासारखं दळणवळण कुठे नाही, धंद्याला याहून चांगलं राज्य नाही. जेएनपीटी बंदर, होऊ घातलेलं वाढवण बंदर, 21.8 किलोमीटरचा अटल सेतू, 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. यात खोटं काही नव्हतं. पण समोर बसलेल्या आम्ही काजू, फणसपोळी, कोकम विकणाऱ्या बायका. आमच्या रस्त्याचा उल्लेख एकदाच आला : "मुंबई-गोवा महामार्ग अंतिम टप्प्यात आहे."

2011 ला पनवेलकडून चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा माझी लेक पहिलीत होती. आता ती कॉलेजात आहे. समृद्धीची घोषणा 2015 ची, आणि 2025 च्या जूनमध्ये तो पुरा झालासुद्धा. मग आमच्याच वाट्याला हा अंतिम टप्पा का?

माझं अमृत कोकमाचं, म्हणजे सरबतासाठीच्या कोकमाच्या गोड पाकाचं, काम तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, येतात, पडवीत बसून बायका फोडतात, सालीत साखर भरून बरण्या उन्हात ठेवायच्या, रोज हलवायच्या. मागच्या हंगामात दादरच्या एका दुकानाची पहिली मोठी ऑर्डर आली. त्यांना काचेच्याच बाटल्या हव्या होत्या. एकेक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, मध्ये भाताचा पेंढा दाबला. सासूबाईंनी स्वतः बसून दोऱ्या बांधल्या. सकाळी पोचायचा ट्रक संध्याकाळी पोचला आणि दुकानदाराने फोटो पाठवला. खोक्यांचे तळ भिजून लालभडक, एक खोकं उचलताना खालून सुटलेलं, पाकात चिकटलेला पेंढा आणि त्यात काचा. निम्मा माल गेला. ट्रान्सपोर्टवाल्याने पावती दाखवली : काचसामान मालकाच्या जबाबदारीवर. झालं, भरा पैसे.

ड्रायव्हरला मी बोल लावणार नाही. आमच्या संगमेश्वरच्या पट्ट्यात आरवली ते वाकेड महामार्गाचं काम किती रखडलं ते त्या पोराने केलं नव्हतं. डायव्हर्जन, खडी, पुन्हा डायव्हर्जन. रात्रभर जागून त्याने जमेल तेवढं सांभाळूनच आणलं असणार.

हो, सिंधुदुर्गातला रस्ता चांगला झालाय आणि कशेडीच्या बोगद्याने घाटाचा त्रास वाचवलाय, मान्य. पण ट्रक सिंधुदुर्गापुरता चालत नाही. रस्ता जिथे सगळ्यात वाईट, तिथेच बाटली फुटते.

कुणी म्हणेल, कोकण रेल्वे आहे ना. आहे, आणि तिच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. 1998 ला पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा आमच्या आजेसासऱ्यांनी स्टेशनावर जाऊन इंजिनाला हार घातला होता. 741 किलोमीटर, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. ज्या डोंगरातून माणूस जाईना, त्यातून गाडी नेली. पण बराचसा मार्ग अजून एकेरीच आहे, आणि आमच्या स्टेशनात गाडी थांबते जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात काचेची खोकी कोण चढवणार? कोलाडहून अख्खे ट्रक रेल्वेवर चढून गोव्याकडे जातात, 1999 पासून. उत्तम सोय आहे, पण ती लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांची. मधल्या गावातल्या बाईने वीस खोकी घेऊन जायचं कुठे?

पुन्हा त्या फोटोकडेच येते, कारण ते पाहुणे "लॉजिस्टिक्सचा फायदा" म्हणाले तेव्हा मला तोच दिसत होता. जयगडला मोठ्या कंपनीसाठी कोळशाची बोट लागते, तिथे बंदर आहे, धक्का आहे. मोठ्याला सोय मिळतेच, नाही मिळाली तर तो स्वतः करून घेतो. खड्ड्याचा खर्च बसतो तो आमच्यावर. नफा असतो बाटलीमागे थोडे रुपये, एक फुटली की चार बाटल्यांचं कष्ट गेलं. आता मी प्लास्टिकच्या बाटल्या वापरते. दादरच्या त्या दुकानाने पुन्हा मागवलं नाही. इतका चांगला माल, आणि गिऱ्हाईक तुटलं रस्त्यापायी!

कार्यक्रम संपल्यावर मी उभी राहून विचारलं, की तालुक्यातल्या एका तरी स्टेशनावर छोट्या मालासाठी शेड आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पार्सलचा डबा का मिळू नये? "सूचना चांगली आहे" म्हणाले आणि फोटोसाठी सगळ्यांना पुढे बोलावलं.

मी अर्ज लिहायला घेतलाय. खासदार आणि रेल्वे, दोघांनाही देणार. संगमेश्वर, लांजा, राजापूरकडच्या ज्यांचा माल वाटेत खराब झालाय त्यांनी पावत्या, फोटो असतील तर मला इनबॉक्समध्ये पाठवा. आंबा, काजू, मासळी, काहीही चालेल. सह्यांसाठी रविवारी आमच्या पडवीत बसू, चहा माझ्याकडे.