आमचा कोरडा दिवस

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि तेही नेमका डोळा लागल्यावर. त्यामुळे आमच्या घरात जे जे पोकळ आहे ते ते भरलेलं असतं. ड्रम, हंडे, कळश्या, बादल्या. एकदा तर आईनं कुकरही भरून ठेवला होता.

गेल्या पावसाळ्यात डास फार झाले. माझा संशय अर्थातच समोरच्या गटारीवर. रोज दिवेलागणीला दारं-खिडक्या लावून मी बॅट घेऊन उभा. 'चट्' आवाज आला की आत्मा थंड व्हायचा. पण मला फोडून काढणारी मंडळी वेगळीच होती. ती सकाळी नऊला, पेपर वाचताना, टेबलाखालून घोट्याला यायची.

एक दिवस आशाताई बॅटरी घेऊन दारात. मी त्यांना गटारीवर भाषण दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, दिवसा चावतोय ना? मग तो गटारीतला नाही. डेंग्यूचा डास चांगल्या साठवलेल्या पाण्यात होतो. आत बघू."

फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, दोन्हींत अळ्या. ड्रममध्ये उजेड टाकला तर शाळा सुटल्यासारखी पळापळ. म्हणजे मी मारत होतो ते गटारीचे पाहुणे. चावत होती ती घरची पोरं!

"आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा," ताई म्हणाल्या. माझ्या डोळ्यांसमोर दोन ऑक्टोबर आला. पण हा कोरडा दिवस भांड्यांचा. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी सगळं रिकामं करायचं. आणि नुसतं ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात, महिनोन्महिने कोरडी राहिली तरी मरत नाहीत, पाणी लागलं की पुन्हा हजर. म्हणून घासायचं.

"ओतायचं?" आईनं एवढंच विचारलं, पण ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजात लोक 'पोर विकायचं?' असं विचारतात.

शुक्रवारी मी दोनशे लिटरचा ड्रम उपसला. बायकोनं पडदे धुतले, मी जिना धुतला, शेजाऱ्याची मोटारसायकलसुद्धा धुतली. ड्रमात उतरून काथ्यानं घासलं. आणि त्याच रात्री कुठंतरी पाइपलाइन फुटली. पुढचे तीन दिवस आम्ही तांब्याभर पाण्यात आंघोळ केली, आणि आई माझ्याशी फक्त विठ्ठलामार्फत बोलली.

शेवटी ताईंनी पिशवीतून गप्पी मासे आणले. एक मासा दिवसाला ढीगभर अळ्या फस्त करतो.

"माळकऱ्याच्या घरात मासे?" आई कडाडली.

"खायचे नाहीत, पाळायचेत."

"पण ते खाणार ना जीव?"

तीन दिवस ती ड्रमकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी 'उपाशी तर नाहीत ना' म्हणून डोकावली. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. दिवाळीपर्यंत ड्रममध्ये मुंबईची लोकल झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरून वाण लुटलं ते बरणीतल्या गप्पींचं.

समोरच्या काकूंनी बरणी उजेडात धरली. "यांना एकादशी चालते का हो?"

"न चालायला काय झालं?" आई म्हणाली. "त्या दिवशी मी ड्रमवर झाकण ठेवते."