‘इंटरनॅशनल लायसन काढा अन् जगभर बिनधास्त चालवा’: हा मेसेज पुढं पाठवण्याआधी हे वाचा

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज परत फिरून राहिलाय, गावाच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, सगळीकडं. मजकूर थोडक्यात असा: भारतीय ड्रायव्हिंग लायसन परदेशात एक वर्ष चालतं, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं की विषय संपला, त्याची मुदत संपली तर दुसरं काढता येतं, आणि तिकडंच राहायचं ठरलं तर तिथल्या ऑफिसात आपलं कार्ड द्यायचं अन् तिथलं घ्यायचं, टेस्ट-बिस्ट काही नाही. फक्त निघण्याआधी ‘हरवलं’ म्हणून डुप्लिकेट काढून ठेवा, कारण तिकडं ओरिजिनल जमा करून घेतात. आणि खाली नेहमीचं, आपल्या मुलांच्या कामाचं आहे, पुढं पाठवा.

माझं भुसावळला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, लायसनची कामं रोजची. यावल, रावेर, चोपड्याकडची पोरं-पोरी आता जर्मनीला, कॅनडाला, दुबईला चाललीत, जायच्या आधी लायसनचं काहीतरी काम घेऊन येतात आणि मोबाईल काढून हाच मेसेज दाखवतात. मेसेज सगळा खोटा असता तर एवढं लिहायला बसलो नसतो. त्यात खरं-खोटं असं मिसळलंय की वाचणाऱ्याला खरंच वाटतं, आणि त्याची किंमत तिकडं गेलेल्या पोराला मोजावी लागते.

‘एक वर्ष चालतं’

सगळा घोळ इथून सुरू होतो. फिरायला गेलेला माणूस वेगळा आणि राहायला गेलेला वेगळा. मेसेजमधल्या बहुतेक गोष्टी फिरायला जाणाऱ्याच्या आहेत, त्या नोकरीला किंवा शिकायला जाणाऱ्याच्या गळ्यात बांधल्यात. एकदा तिथले रहिवासी झालात की घड्याळ सुरू होतं आणि ते प्रत्येक ठिकाणी वेगळं चालतं. जर्मनीत ६ महिने. नेदरलँड्समध्ये १८५ दिवस. कॅनडात ऑन्टारिओला गेलात तर ६० दिवस. अमेरिकेत तर देशाचं असं एक लायसनच नाही, राज्याराज्याचं वेगळं: टेक्सासला ९० दिवस, न्यूयॉर्कला ३०, आणि कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर फक्त १० दिवसांत तिथल्या लायसनसाठी अर्ज करायचा असतो. ऑस्ट्रेलियात सिडनीकडं, म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्यात, टेम्पररी व्हिसावाल्यांना पूर्वी बरीच सूट होती, १ जुलै २०२३ पासून नियम बदलला आणि तिथं ६ महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला लायसन तिथलं करून घ्यावं लागतं. दुबईत व्हिजिटवर गेलेला आपलं लायसन अन् सोबत इंटरनॅशनल परमिट यावर गाडी चालवू शकतो, रेसिडेन्स व्हिसा झाला की ते बंद.

पूर्ण एक वर्ष मिळतं ते यूकेत. तिथं राहायला गेल्यापासून १२ महिने आपल्या भारतीय लायसनवर साधी कार चालवता येते, हे अगदी बरोबर आहे. एका देशाचा नियम उचलून जगाला लावला, एवढंच झालंय.

‘इंटरनॅशनल काढलं की विषय संपला’

इंटरनॅशनल परमिट स्वतः लायसन नाही. ते आपल्या लायसनची माहिती तिथल्या पोलिसाला वाचता यावी म्हणून असतं, सोबत ओरिजिनल कार्ड नसेल तर त्याला काही अर्थ नाही. आरटीओकडं फॉर्म ४-अ भरायचा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि त्याआधी आपलं लायसनच संपत असेल तर तेवढीच. आपल्याला ते फक्त आरटीओच देतं. ऑनलाइन ‘३ वर्षाचं’, ‘१० वर्षाचं’ इंटरनॅशनल लायसन डॉलरमध्ये विकणाऱ्या साइट आहेत, पोरं मला त्याचे स्क्रीनशॉट आणून दाखवतात आणि दरवेळी एकच सांगतो, भो, पैसे पाठवू नको, तो नुसता छापील कागद आहे.

संपलं तर दुसरं काढता येतं, हे खरं आहे, २०२१ पासून परदेशातल्या भारतीय दूतावासामार्फत अर्ज करायची सोय झालीय. पण त्याने काय होतं? तुमच्या परमिटची मुदत वाढते, त्या देशाने तुम्हाला दिलेली मुदत वाढत नाही. जर्मनीत ६ महिने संपले की खिशात कालच काढलेलं नवं परमिट असलं तरी तुम्ही बिगर लायसनचेच. जपानचं उदाहरण घ्या. भारत रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे म्हणून आपलं परमिट तिथं चालतं, एक वर्ष. काही जणांना वाटतं मधे दिवाळीला घरी येऊन परत गेलं की वर्ष नव्यानं सुरू. तसं नाही. तिथं रहिवासी असाल तर किमान ३ महिने जपानच्या बाहेर राहिल्याशिवाय मोजणी नव्यानं सुरूच होत नाही.

‘कार्ड द्या, कार्ड घ्या, टेस्ट नाही’

यावर जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त पोरं इथंच फसतात. प्रत्येक देशाची एक यादी असते, त्या यादीतल्या देशाचं लायसन असेल तर टेस्टशिवाय अदलाबदल होते. जर्मनीच्या यादीत भारत नाही. यूकेच्या यादीत ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका आहेत, यूएई पण आहे, भारत नाही. ऑन्टारिओच्या यादीतही नाही. आपला माणूस १५ वर्षं मुंबई-आग्रा हायवेवर गाडी चालवत असला तरी तिथल्या काउंटरवर बसलेल्याला ते दिसत नाही, त्याला यादी दिसते. याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण नियम तो आहे.

मग मिळतं काय? जर्मनीत आपलं लायसन चालू असेल तर नव्या माणसाला सक्तीचे असलेले क्लासचे तास आपल्याला सक्तीचे नसतात. बाकी सगळं करायचं: डोळ्यांची तपासणी, फर्स्ट एडचा कोर्स, लायसनचं भाषांतर, थिअरी आणि प्रॅक्टिकल. थिअरी इंग्रजीत देता येते, प्रॅक्टिकलला परीक्षक जर्मनमध्येच बोलतो. आणि तास सक्तीचे नाहीत म्हणून घेऊच नका असं नाही. माझा भाचा तिकडं आहे, इकडं जळगाव-भुसावळ रोज कारने जायचा, हात साफ आहे त्याचा. पहिल्या प्रॅक्टिकलला नापास झाला. वळताना आरशात बघितलं पण मान वळवून खांद्यावरून मागं बघितलं नाही, सायकलवाला येतोय का ते, आणि गल्लीतल्या बिनपाटीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं तिथं थांबला नाही. इकडं आपण हॉर्न देऊन पुढं निघतो, तेच सवयीनं झालं. मग तिथल्या शिकवणाऱ्याबरोबर काही तास फक्त मान वळवायची प्रॅक्टिस केली, दुसऱ्यांदा पास. गाडी चालवता येणं आणि तिथली परीक्षा पास होणं यात एवढा फरक आहे.

यूकेत १२ महिन्यांच्या आत प्रोव्हिजनल, म्हणजे तिथलं शिकाऊ लायसन, काढून थिअरी अन् प्रॅक्टिकल दोन्ही पास करायचं. थिअरीत ५० पैकी ४३ लागतात आणि रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखायची व्हिडिओची परीक्षा वेगळी. प्रॅक्टिकलची तारीख मिळायला तिथं फार वाट बघावी लागते, त्यामुळे अकराव्या महिन्यात जागं होऊन उपयोग नाही, गेल्या गेल्या नंबर लावायचा. जपाननं तर ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी लायसनवाल्यांची परीक्षा कडक केली, आधी १० प्रश्न असायचे, आता ५० आणि त्यातले ४५ बरोबर यावे लागतात.

आता मेसेज कुठं बरोबर आहे तेही सांगतो. नेदरलँड्समध्ये ज्याला ३० टक्के टॅक्सची सवलत मंजूर झालीय, म्हणजे कंपनीनं बाहेरून बोलावलेला कुशल कर्मचारी, त्याला आणि घरच्यांना भारतीय लायसनवर टेस्टशिवाय डच लायसन मिळतं. आयटीवाल्यांनी हे एचआरला पहिल्याच आठवड्यात विचारावं. सिंगापूरला गाडी चालवून दाखवावी लागत नाही, बेसिक थिअरी टेस्ट पास करावी लागते. दुबईत २०२३ पासून ‘गोल्डन चान्स’ आहे, क्लास न लावता थेट रोड टेस्ट देता येते, पण संधी एकच. पास झालात तर हजारो दिरहम वाचले, नापास झालात तर सगळे क्लास करा. तिथं स्टेअरिंग डावीकडं असतं, म्हणून आधी सराव करूनच तो चान्स वापरा.

‘हरवलं म्हणून डुप्लिकेट काढा’

हे कृपा करून करू नका. कार्ड खिशात असताना हरवल्याची तक्रार द्यायची म्हणजे सरकारी कागदावर खोटं लिहून द्यायचं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ६ प्रमाणे एका माणसाला दोन लायसन ठेवता येत नाहीत. जर्मनीत परीक्षा पास होऊन तिथलं लायसन हातात देताना आपलं कार्ड ठेवून घेतात हे खरं आहे. यूकेत मात्र आपल्यासाठी अदलाबदलच नाही, नव्यानं परीक्षा, मग जमा करायचा प्रश्न येतोच कुठं?

आणि तरी कुणी म्हणेल की पकडतंय कोण. जर्मनीत बिगर लायसन गाडी चालवणं हा गुन्हा आहे, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, साधं चलान फाडून सुटका नाही. कुणाला ठोकलं आणि लायसनची मुदत गेलेली निघाली तर इन्शुरन्सवाला हात वर करतो, पैसे तुमच्याकडून वसूल होतात, ते पण युरोत. शिकायला गेलेल्या पोराच्या नावावर तिथं गुन्हा लागला तर पुढच्या व्हिसाचं काय, हा विचार आईबापांनी करावा.

निघण्याआधी इकडं काय करायचं

मेसेजमध्ये जे नाही ते हे. एक, नाव. आपल्या जुन्या लायसनवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, पासपोर्टवर वेगळाच क्रम, कुठं वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. आपल्याला कळतं माणूस एकच आहे, तिकडच्या क्लार्कला ही दोन माणसं वाटतात. ते पासपोर्टप्रमाणे करून घ्या. दोन, लायसन पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख कार्डवर बरोबर आलीय का बघा. ऑन्टारिओत मागच्या अनुभवाचं क्रेडिट मिळतं आणि २ वर्षांच्या वरचा अनुभव दाखवता आला तर मधल्या पायरीवर न थांबता थेट फुल जी, म्हणजे तिथल्या पूर्ण कार लायसनची रोड टेस्ट देता येते, पण त्याला अधिकृत पुरावा लागतो. परिवहनच्या साइटवर डीएल एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे लायसनच्या सरकारी रेकॉर्डचा उतारा, मागता येतो, तो काढून ठेवा. तीन, मुदत. संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतं, संपून एक वर्ष उलटलं तर इकडंसुद्धा परत टेस्ट.

ज्यांचं लायसन जुन्या पुस्तकाचं आहे आणि नंबर टाकल्यावर ऑनलाइन काहीच दिसत नाही, त्यांनी सगळ्यात आधी हलायला पाहिजे. त्याची बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनं रेकॉर्ड ऑनलाइन चढवणं, करावी लागते आणि ज्या आरटीओनं लायसन दिलं तिथूनच ती होते, जळगावचं जळगावला, धुळ्याचं धुळ्याला, नंदुरबारचं नंदुरबारला. मागच्याच महिन्यात शहाद्याचा एक पोरगा तिकीट काढून झाल्यावर माझ्याकडं आला, ‘दादा, मनं लायसन तठे चालई ना?’ विचारत होता, आणि त्याचं रेकॉर्डच ऑनलाइन नव्हतं. व्हिसा हातात यायची वाट बघू नका, ऑफर लेटर आलं त्याच आठवड्यात जुनं पुस्तक घेऊन आरटीओत जा.